पोट्टी म्हणते ‘बित्तित’, मशीन म्हणते ‘रवारपाण’

आमच्या घरी सध्या दोघंजण अर्धवट मराठी बोलून राहिले. एक माझी भाची, वय 19 महिने, बहिणीसोबत दिवाळीपासून इथंच आहे आणि बिस्किटाला ‘बित्तित’ म्हणते. दुसरं म्हणजे माझ्या लॅपटॉपमधलं ओसीआर, म्हणजे पानाचा फोटो दिला की त्यातली अक्षरं ओळखून टाईप केल्यासारखा मजकूर काढून देणारं सॉफ्टवेअर. आबांच्या लोखंडी पेटीत शेतीवरचं एक जुनं पुस्तक सापडलं, कव्हर गेलेलं, सुरुवातीची पानं कसरीनं खाल्लेली, हात लावला की कोपरा हातात येतो, म्हटलं पूर्ण भुगा व्हायच्या आधी स्कॅन करून ठेवू. पहिल्याच पानावर मशीननं लिहून दिलं, ‘या भागांतील रवारपाण जमिनींत रवत टाकतांना’.

रवारपाण? दहा मिनिटं डोकं खाजवलं, वाटलं जुना शब्द असन एखादा, आबा असते तर विचारलं असतं. मग पुस्तकाचं पान समोर धरलं तेव्हा ट्यूब पेटली. खारपाण! आणि रवत म्हणजे खत! आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, आख्खा जन्म गेला खारपाणपट्ट्यात, जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि तोच शब्द मले ओळखू आला नाही.

तेव्हापासून एक वही केली. डाव्या पानावर पोट्टीचे शब्द, उजव्या पानावर मशीनचे. माय म्हणते, ‘पोट्टीचं ठीक आहे रे, मशीनच्या चुका कायले लिहून ठेवतं?’ पण दोन महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली, ह्या चुका अंदाधुंद नाहीत. पोट्टीची चूक पाहून तिचं तोंड कुठं अडलं ते सांगता येतं आणि मशीनची चूक पाहून तिचा डोळा कुठं अडला ते सांगता येतं.

आधी पोट्टीचं घेऊ. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की ‘आग्गू’ सुरू होतं, तो नुसता गळ्यातला आवाज. सहा-सात महिन्यांनंतर खरी बडबड, बबबब, ममम, दादादा, यात व्यंजन आणि स्वराची जोडी असते, म्हणजे बाराखडीच सुरू झाली म्हणा. मग सुरुवातीला ब, म, प हेच काहून? कारण ओठ मिटायचे आणि उघडायचे, जबडा वर-खाली, झालं, जिभेला कामच नाही. तान्ह्या बाळाची जीभ तोंडाच्या मानानं मोठी असते, सगळं तोंड तिनंच भरलेलं, तिला आखडून मागं टाळूला टेकवायला जागाच कुठं आहे. रोमान याकोबसन नावाचे एक भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1941 साली पुस्तकच लिहिलं की मुलं आवाज शिकतात त्याला एक क्रम असतो, सोपे आधी, अवघड मागून. पुढं 1960 मध्ये त्यांनी ‘मामा’ आणि ‘पापा’ या दोन शब्दांवर आख्खा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की बाळ दूध पीत असताना तोंड गुंतलेलं असतं, आवाज फक्त नाकातून निघू शकतो, तो निघतो ‘म्म्म’, मग तोच आवाज भुकेचा होतो आणि भूक भागवणारीचा पण. कितीतरी भाषांत आईच्या शब्दात म आहे तो यामुळं. मी दोन दिवस लयच खूश होतो का भाचीनं पहिला शब्द ‘मामा’ काढला. बहीण म्हणे, ‘दादा, भूक लागली तिले, मम्मं म्हणून राहिली ते.’

आपल्याकडं मोठी माणसं सुद्धा लेकरांसाठी वेगळा शब्दकोश ठेवतात बरं का. भूभू, माऊ, चिऊ, काऊ, हम्मा, शी, शू, बाऊ, भुर्र, गाईगाई. एक एक शब्द बोलून पाहा, दोन वेगळ्या व्यंजनांचं जोडाक्षर एकात पण नाही. कोणी कमिटी बसवून ठरवलं नव्हतं, पिढ्यानपिढ्या आज्यांनी लेकराच्या तोंडाचं माप घेऊन शिवलेले शब्द आहेत हे.

पण बिस्किट काही आज्जीनं शिवलं नाही, ते जसंच्या तसं दुकानातून येतं, मग पोट्टीला तिच्या तोंडाच्या मापात कापावं लागतं. आणि ती कापते कसं ते पाहा. तोंडात मागं निघणारे क, ख, ग हे पुढं सरकतात आणि दातांपाशी येऊन त, थ, द होतात. काका झाला ताता, पंखा झाला पंथा, गाडी झाली दादी. जोडाक्षर आलं तर त्यातला एकच आवाज ठेवायचा आणि तो दाबून म्हणायचा, म्हणून पुस्तक झालं पुत्तत. र असला तर ल. शब्द लांब असला तर डोकं उडवायचं आणि शेपूट ठेवायची, कारण शेवटचे आवाज कानात ताजे असतात, म्हणून टमाटर झालं ‘मातल’ आणि अंगणवाडी झाली ‘वादी’. आता बित्तित परत पाहा, स्कि चं जोडाक्षर मोडलं, क चा त झाला, ट पण त झाला. नियम कळले की उलटं जाता येतं, ती नवीन काही बोलली तरी मी बऱ्याचदा पाच सेकंदात ओळखतो.

आमच्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, महानुभावांचं ठिकाण. त्या पंथाच्या कितीतरी पोथ्या सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिल्या होत्या, एका अक्षराच्या जागी दुसरंच, बाहेरच्याला वाटावं काहीतरी गिचमिड आहे. किल्ली माहीत असलेला घडाघडा वाचणार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी ती किल्ली उलगडली आणि मग जुन्या मराठीचा मोठा खजिना उघडला. पोट्टीची भाषा मला तशीच वाटते, फक्त इथं लपवायचा इरादा नाही.

आता सगळ्यात भारी गोष्ट. मी तिची नक्कल केली, पुस्तक दाखवून म्हटलं, ‘हे तुझं पुत्तत?’ तर ती चिडली. मान हलवून म्हणे, ‘पुत्तत!’ मी परत म्हटलं पुत्तत, ती परत चिडली. मी म्हटलं, ‘पुस्तक?’ तर खूश होऊन म्हणे, ‘हो, पुत्तत.’ हा किस्सा आमच्याच घरचा नाही, 1960 मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन या अभ्यासकांनी असाच एक नोंदवून ठेवला आहे, एक पोरगं प्लॅस्टिकच्या माशाला ‘फिश’ च्या ऐवजी ‘फिस’ म्हणायचं, पण समोरच्यानं फिस म्हटलं की नाही म्हणायचं, फिश म्हटलं की मान डोलवायचं. म्हणजे तिच्या डोक्यात पुस्तक शब्द पक्का बरोबर बसलेला आहे, कान तयार आहे, तोंडच मागं पडलं आहे.

कान तर इतका तयार असतो की आपण मोठे लोक त्याच्यापुढं काहीच नाही. 1984 मध्ये कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा एक शोधनिबंध आला, त्यात हिंदीतला ट आणि त वापरला होता. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हा फरक बरोबर ओळखायची, इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांच्या कानाला तो धड ऐकू यायचा नाही, आणि तीच बाळं दहा-बारा महिन्यांची होईतो बहुतेकांचा हा फरक सुटून जायचा, कारण घरात त्याचा उपयोग नव्हता. म्हणजे बाळ सगळ्या जगाचे कान घेऊन येतं आणि वर्षभरात घरच्या भाषेपुरते ठेवून बाकी आवरून टाकतं.

घरची भाषा म्हणजे आमची वऱ्हाडी. मागं शहरातले पाहुणे आले होते, ते म्हणे, हिला ळ येत नाही, स्पीच थेरपिस्टला दाखवा. कारण ती ‘पोयी’ म्हणते, ‘पानी’ म्हणते. अहो, मायही पोयीच म्हणते, शेजारची काकू पण पानीच म्हणते, इथं ळ चा य होतो आणि ण चा न होतो, पिढ्यानपिढ्या होतो. पोट्टीनं जे ऐकलं ते अगदी बरोबर उचललं, ही चूक नाहीच, ती माझ्या वहीत पण नाही. (पाहुण्यांसमोर मी एवढं सगळं बोललो नाही, चहा विचारला.)

खरा दाखवायचा मुद्दा वेगळा आहे आणि तो गावात लय लोक टाळतात, ‘त्याचा बाप पण उशिरा बोलला होता’ म्हणून. बाळ वर्षाचं झालं तरी बबबब-दादादा काहीच नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, असं असलं तर डॉक्टरला दाखवा आणि आधी कान तपासा. ऐकूच येत नसलं तर बडबड उशिरा येते. ज्या ऐकू न येणाऱ्या बाळांच्या घरी हातांच्या खुणांची भाषा बोलतात ती बाळं हातांनी बडबडतात, बबबब सारखेच हाताचे तुकडे परत परत, हे 1991 मध्ये लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी दाखवलं.

तुकडे पडायचं आणखी एक कारण आहे आणि ते तोंडात नाही, कापण्यात आहे. आपण लिहिताना शब्दांत जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. ‘पानीदेमाय’ एकाच दमात. मग बाळाला कसं कळणार शब्द कुठं संपला? 1996 मध्ये जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना फक्त दोन मिनिटं एक खोटी भाषा ऐकवली, बिदाकू, पादोती, गोलाबू, तुपिरो असे बनवलेले शब्द, मध्ये एकही थांबा नाही, सपाट आवाज. तेवढ्यात बाळांनी शब्दांच्या सीमा ओळखल्या. ट्रिक अशी की कोणत्या तुकड्यामागं कोणता तुकडा किती वेळा येतो याचा हिशोब बाळ नकळत ठेवतं. आमच्या घरचं घ्या, पानी दे, पानी पी, पानी सांडलं. ‘पा’ नंतर ‘नी’ येतेच येते, पण ‘नी’ नंतर काहीही येऊ शकतं, म्हणून कात्री ‘नी’ च्या नंतर चालवायची.

हिशोब कधीकधी चुकतो. तर झालं असं, पोट्टी संध्याकाळी बल्बकडं बोट करून ‘आयी, आयी’ करायची. आम्हाला वाटायचं आईला बोलावते, बहीण धावत यायची, ती बहिणीकडं ढुंकूनही पाहायची नाही. तीन आठवड्यांनी उलगडलं. इथं रोज संध्याकाळी लाईन जाते, आणि आली की घरातले, शेजारचे, सगळी गल्ली ओरडते, ‘आली! आली!’ तिनं काढलेला हिशोब चोख होता, बल्ब पेटला की लोक ‘आली’ म्हणतात, म्हणजे त्या वस्तूचं नाव आली. ल चा य तिचा स्वतःचा.

शहाणी माणसं पण अशीच चुकली आहेत, तेही आपल्या संत्र्यावरून. संस्कृतातला नारंग फारसी-अरबीतून युरोपात गेला, तिथं ‘एक’ या अर्थाचा जो शब्द नावाच्या आधी लागतो त्याच्या शेवटीच न होता, लोकांना वाटलं हा न त्याचाच आहे, आणि फळाचं डोकं कापलं गेलं, नारंगचं ऑरेंज झालं. वरूड-मोर्शीचा माल मुंबईच्या मॉलमध्ये ऑरेंज म्हणून विकतो तेव्हा शेकडो वर्षांपूर्वीची तोतरी चूक आपण पैसे देऊन विकत घेतो.

आता मशीन. हिला कान नाहीच, फक्त डोळा आहे, तोही एका वेळी एका ओळीपुरता. जुन्या पद्धतीत ती आधी पानाचं काळं-पांढरं करायची, मग ओळी कापायची, मग शब्द, मग अक्षर. देवनागरीत पंचाईत अशी की शिरोरेघेनं सगळी अक्षरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका दोरीला लटकलेली असतात, म्हणून आधी ती दोरीच पुसून टाकायची आणि खाली सुटी झालेली अक्षरं ओळखायची. आता छापील ख चा विचार करा. जुन्या खिळ्यांत, म्हणजे छापखान्यातल्या अक्षरांच्या ठशांत, तो म्हणजे र आणि शेजारी व, शिरोरेघ गेली की दोघं वेगळे. म्हणूनच पुढं ख चं शेपूट व ला खालून जोडायची पद्धत आली, कारण ‘खाना’ आणि ‘रवाना’ मध्ये माणसांचाही घोळ व्हायचा. आबांचं पुस्तक त्याच्या आधीच्या खिळ्यांचं, म्हणून रवत आणि रवारपाण.

तसंच घ आणि ध, भ आणि म, ष आणि प, य आणि थ. पुस्तकात एका शेतकऱ्याच्या तोंडी वऱ्हाडी वाक्य आहे, त्यातल्या ‘पोयी’ चं मशीननं ‘पोथी’ केलं, म्हणजे शेतकरी न्याहारीला पोथी खाऊन राहिला. अनुस्वार तर विचारूच नका. 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले तोपर्यंत न बोलले जाणारे अनुस्वार पण लिहायचे, शेतांत, नाहीं, मुलें, पानभर ठिपकेच ठिपके. त्यात कसरीची भोकं आणि शाईचे शिंतोडे. ठिपका कोणता अन् घाण कोणती हे मशीन कसं ठरवणार? त्याच काळातल्या काही पुस्तकांत सावरकरांच्या पद्धतीनं अिकडे, अुद्या, अेक असं लिहिलेलं असतं, ते पाहिलं की हिचं डोकंच फिरतं.

आणि आमच्या तालुक्याचं नाव. य च्या आधीचा र जोडायच्या मराठीत दोन तऱ्हा आहेत, डोक्यावरचा रफार, आणि ऱ्या मधला तो पापणीसारखा वळसा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या. पुस्तकात दर्यापूर चौदा वेळा आलं आहे, मशीननं काही ठिकाणी दऱ्यापूर केलं, ते कळतं. दोन ठिकाणी रफार पुसट होता म्हणून ‘दयापूर’ केलं, ते कळत नाही. दयापूर नावाचं गाव असू शकतं ना, पुढचा माणूस नकाशात शोधत बसणार.

इथंच नव्या मशीनची खरी भानगड आहे. मी वापरतो ते टेसरॅक्ट, फुकट आहे, 1985 ते 1994 या काळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत बनलं, 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. 2018 च्या आवृत्तीपासून ते एकेक अक्षर न कापता आख्खी ओळ वाचतं आणि शिकवलेल्या मजकुरावरून अंदाज बांधतं. त्यामुळं चुका कमी झाल्या हे खरंच, पण जी चूक उरते ती खऱ्या शब्दासारखी दिसते. रवारपाण वाचून माणूस थांबतो, दयापूर वाचून थांबत नाही. मला विचाराल तर मला जुन्या पद्धतीचा उघड कचरा परवडला.

इंग्रजीत हे प्रकरण फार पुढं गेलं आहे. साधारण 1800 पर्यंतच्या छपाईत त्यांच्याकडं लांब एस असायचा, दिसायला थेट एफसारखा, म्हणून स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत ‘बेस्ट’ चं ‘बेफ्ट’ होतं, आणि गूगलनं 2010 मध्ये शब्द किती वापरले जातात त्याचा आलेख काढायची सोय दिली तेव्हा तिथं दिसलं की बेफ्ट हा शब्द अठराव्या शतकात लय चालायचा आणि मग अचानक मेला. मेला नाही, खिळा बदलला. आर आणि एन जवळ आले की एम दिसतो, त्यातून ‘मॉडर्न’ चं ‘मोडेम’. आणि 1950 च्या दशकातला एक बॅक्टेरियावरचा लेख स्कॅन करताना मशीननं दोन कॉलम आडवे जोडून वाचले, डावीकडचा ‘व्हेजिटेटिव्ह’ आणि उजवीकडचं ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ चिकटलं, अशी कोणती पद्धत जगात नाही, पण पुढं हा शब्दप्रयोग खऱ्याखुऱ्या शोधनिबंधांत दिसायला लागला.

माणसं मशीनशिवाय पण हे करतातच. 1934 च्या वेबस्टरच्या मोठ्या डिक्शनरीत ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ घनता. मूळ चिठ्ठीवर लिहिलं होतं की मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचं संक्षिप्त रूप आहे, इंग्रजीत ‘डी ऑर डी’, कोणीतरी मधल्या जागा काढून एकच शब्द केला. पाच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, 1939 मध्ये एका संपादकाला त्या शब्दाची व्युत्पत्ती सापडेना तेव्हा पकडलं. पोट्टीच्या ‘आयी’ सारखंच, कात्री चुकली.

मशीन सुधारते ती शेवटी माणसानं दाखवल्यावरच. तुम्ही पण तिला शिकवलं आहे, फुकटात. वेबसाइटवर आधी दोन वाकडेतिकडे शब्द टाईप करायला लावायचे ना, 2007 मध्ये लुईस फॉन आन आणि त्यांच्या टीमनं ते रिकॅप्चा काढलं, त्यातला एक शब्द कम्प्युटरला माहीत असायचा आणि दुसरा जुन्या स्कॅनमधला, मशीनला न वाचता आलेला. पहिला बरोबर लिहिला की दुसराही बरोबर असणार असं धरायचे, चारदोन लोकांचं जुळलं की पक्कं. मराठीसाठी आज विकिस्रोतवर, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात, लोक एकेक पान उघडून एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला मजकूर असं ताडून पाहतात. मी पण घरी तेच करतो, आणि वहीतली उजवी बाजू आता इतकी भरली की मशीनची चूक मी मूळ पान न बघता ओळखतो. फक्त दयापूरसारख्यांसाठी पान उघडावंच लागतं. फरक एवढाच आहे की मशीन कधी चिडत नाही. तिनं दिलेलं ‘रवत’ तिलाच परत दाखवा, ती मुकाट घेते. पुत्ततवाली घेत नाही.

काल रात्री त्रेचाळिसाव्या पानावर होतो, कपाशीच्या पेरणीचं पान, पोट्टी मांडीवर बसून लॅपटॉपवर बोटं आपटून राहिली होती, आणि लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी तर मागच्याच उन्हाळ्यात बसली, तोही बंद. क्षणभर सगळं चिडीचूप. मग अंधारात मांडीवरून आवाज आला, ‘आयी देली.’

आली गेली. दोन शब्द, पहिल्यांदाच जोडून. स्वयंपाकघरातून माय ओरडली, ‘ऐकलं का वं, पोट्टी वाक्य बोलली!’ आणि बहीण म्हणे, ‘आई देली? मी कुठी गेली, इथंच तर हाओ.’